वाढत्या ग्रामीण केंद्रांतील वीजपुरवठा

वाढत्या ग्रामीण केंद्रांतील वीजपुरवठा हा वीज वितरण आणि प्रादेशिक नियोजन या दोन्हींच्या कक्षेत येणारा विषय आहे. शेतीप्रधान परिसरात वसलेल्या, परंतु बाजारपेठ, शाळा, आरोग्य केंद्र, बँक, पोलीस ठाणे यांमुळे आसपासच्या खेड्यांचे केंद्र बनलेल्या गावांना अखंड व योग्य दाबाची वीज कशी मिळते, ती का खंडित होते आणि भविष्यातील मागणीसाठी वितरण जाळ्याची आखणी कशी करतात, यांचा विचार त्यात होतो. महाराष्ट्रातील गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी हे अशा केंद्रांचे एक उदाहरण आहे. जंगलाने वेढलेला परिसर, इटियाडोह धरणाचे सान्निध्य, धान व मिरचीची शेती आणि जिल्हा मुख्यालयापासूनचे अंतर या सर्व बाबींचा तेथील वीजपुरवठ्याच्या स्वरूपाशी संबंध येतो.

वीज उपलब्ध असणे आणि वीज विश्वसनीय असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गोंदिया जिल्ह्यातच तिरोडा येथे प्रत्येकी ६६० मेगावॅटच्या पाच संचांचा, एकूण ३,३०० मेगावॅट क्षमतेचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. तरीही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावातील दिवा अखंड तेवत राहील की नाही, हे त्या प्रकल्पावर नव्हे, तर गावापर्यंत येणाऱ्या शेवटच्या काही किलोमीटर तारांवर, उपकेंद्रावर आणि रोहित्रावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती. भात हे येथील प्रमुख पीक असून गोंदिया शहर भातगिरण्यांसाठी ओळखले जाते. खरिपातील धान पाऊस, माजी मालगुजारी तलाव (मामा तलाव) आणि कालवे यांवर पोसले जाते. उन्हाळी धानाला मात्र मार्च ते मे या महिन्यांत सतत पाणी लागते आणि जेथे कालव्याचे पाणी पोहोचत नाही तेथे विहिरी, बोअरवेल, नदी वा तलावावरील विद्युत पंपांचा आधार घ्यावा लागतो.

अर्जुनी मोरगाव तालुका जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. नवेगावबांध जलाशय, गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आणि विस्तीर्ण वनक्षेत्र ही या तालुक्याची वैशिष्ट्ये आहेत. केशोरी व परिसर लाल मिरचीसाठी परिचित आहे. अशा गावांत विजेची मागणी केवळ घरगुती दिव्यांपुरती राहत नाही. पिठाची गिरणी, भातगिरणी, वेल्डिंगची दुकाने, शीतपेटी असलेली किराणा दुकाने, मोबाइल मनोरे, नळपाणी योजनेचे पंप आणि उन्हाळ्यातील कूलर यांची भर पडून गावाचा वीजभार हळूहळू निमशहरी स्वरूपाचा होतो, तर आसपासच्या शिवारातील भार कृषी स्वरूपाचा राहतो. हे दोन भिन्न स्वभावांचे भार एकाच वाहिनीवर येणे, ही वाढत्या ग्रामीण केंद्रांची मूळ अडचण होय.

इतिहास

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. ग्रामीण भागात वीज पोहोचवण्यासाठी कर्जपुरवठा करणाऱ्या ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाची स्थापना केंद्र शासनाने २५ जुलै १९६९ रोजी केली. त्याच सुमारास ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा प्रयोगही झाला. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था हे त्याचे महाराष्ट्रातील उदाहरण असून तिच्या क्षेत्रातील वितरण २०११ मध्ये महावितरणकडे आले.

विद्युतीकरणाच्या पहिल्या टप्प्यात गावापर्यंत वीज नेणे आणि कृषी पंपांना जोडणी देणे यांवर भर होता. गावात एका ठिकाणी वीज पोहोचली तरी ते विद्युतीकृत मानले जाण्याचा काळ होता. २००४ मध्ये केंद्र शासनाने ही व्याख्या बदलली. नव्या व्याख्येनुसार गावात वितरणाची पायाभूत सुविधा, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज आणि किमान १० टक्के घरांना जोडणी असणे आवश्यक ठरले. या व्याख्येतही पुरवठा किती तास व किती दाबाने मिळतो याची अट नव्हती.

विद्युत अधिनियम, २००३ नुसार ६ जून २००५ पासून विद्युत मंडळाची पुनर्रचना होऊन सूत्रधारी कंपनीसह महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या कार्यरत झाल्या. त्यानंतरची काही वर्षे राज्यात विजेची तूट तीव्र होती आणि ग्रामीण भागात दीर्घ भारनियमन होत असे. वितरण व वसुलीतील हानीच्या प्रमाणानुसार विभागांचे गट पाडून कमी हानीच्या गटाला कमी आणि अधिक हानीच्या गटाला अधिक भारनियमन, असे सूत्र अवलंबले गेले. या काळात ग्रामीण भागासाठी अक्षय प्रकाश योजना राबवण्यात आली. ग्रामस्थांनी संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी कृषी पंप बंद ठेवायचे आणि त्या बदल्यात गावाला दिव्यांसाठी वीज मिळायची, असा त्यातील परस्पर करार होता. पुढे एकफेजीकरण आणि गावठाण वाहिन्यांचे विलगीकरण या तांत्रिक उपायांनी हेच उद्दिष्ट साधण्याचा प्रयत्न झाला. २०१२ नंतर निर्मितीतील तूट कमी झाली आणि चर्चेचा भर भारनियमनावरून स्थानिक बिघाड, कमी दाब व अपुरी रोहित्रे यांकडे वळला.

वितरण व्यवस्थेची रचना

वीज केंद्रातून निघालेली वीज ७६५, ४०० व २२० किलोव्होल्ट (केव्ही) दाबाच्या पारेषण वाहिन्यांतून दूरवर नेली जाते. पुढे १३२ केव्ही उपकेंद्रात दाब उतरवून ती ३३ केव्ही वाहिन्यांत येते. विदर्भाच्या ग्रामीण भागात साधारणपणे ३३/११ केव्ही उपकेंद्र हा वितरणाचा मुख्य टप्पा असतो. तेथून ११ केव्हीच्या वाहिन्या गावोगाव जातात. गावातील किंवा शिवारातील वितरण रोहित्र (बोलीभाषेत ‘डीपी’) ११ केव्हीचा दाब लघुदाबात उतरवते आणि तेथून खांबांवरील तारांद्वारे घरांना व पंपांना वीज मिळते. वितरण रोहित्रे प्रामुख्याने २५, ६३, १०० व २०० केव्हीए क्षमतेची असतात.

ही रचना बहुधा झाडाच्या फांद्यांसारखी असते. मूळ खोडावर दोष आला की त्यापुढील सर्व फांद्या बंद पडतात. शहरांत एका उपकेंद्राला दोन दिशांनी पुरवठा देणारी वलयाकार रचना करता येते. ग्रामीण भागात अंतरे मोठी आणि ग्राहक विरळ असल्याने दुसरी वाहिनी खर्चिक ठरते. त्यामुळे जंगलातून येणाऱ्या एकाच ३३ केव्ही वाहिनीवर अनेक गावे अवलंबून असणे ही वनव्याप्त तालुक्यांतील सामान्य स्थिती आहे.

दाब आणि अंतर यांचा संबंध

तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात तारेतील हानी वाढते. १ मेगावॅट वीज ०.८५ शक्तिगुणकाने ११ केव्ही दाबावर नेल्यास सुमारे ६२ अँपिअर प्रवाह वाहतो, तर ३३ केव्ही दाबावर तो सुमारे २१ अँपिअर असतो. म्हणजे त्याच तारेतून तीच वीज तिप्पट दाबावर नेल्यास हानी एक नवमांशावर येते. ११ केव्हीची वाहिनी लांबवत नेण्याऐवजी ३३ केव्हीची वाहिनी गावाजवळ आणून तेथे नवे उपकेंद्र उभारण्याची मागणी ग्रामीण भागातून सातत्याने होते, तिचे तांत्रिक कारण हेच आहे. उपकेंद्र जवळ आल्याने हानी कमी होते, वाहिनीच्या शेवटच्या टोकाचा दाब सुधारतो आणि एका दोषाने बंद पडणाऱ्या गावांची संख्याही घटते.

कमी दाबाचा परिणाम पंपांवर विशेष जाणवतो. विद्युत मोटारीचा आघूर्ण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब २० टक्क्यांनी घटल्यास तो सुमारे ६४ टक्क्यांवर येतो. भाराखाली असलेली मोटार अशा वेळी अधिक प्रवाह घेते, तापते आणि तिचे वेटोळे जळण्याचा धोका वाढतो. अधिक प्रवाहामुळे तारेतील दाब आणखी घसरतो. अशा रीतीने एका पंपाची अडचण त्याच वाहिनीवरील इतर पंपांपर्यंत पोहोचते.

विश्वसनीयतेचे मोजमाप

वीजपुरवठ्याच्या विश्वसनीयतेसाठी तीन निर्देशांक जगभर वापरले जातात.

• सैफी: ठरावीक काळात सरासरी प्रत्येक ग्राहकाचा पुरवठा किती वेळा खंडित झाला, याचे माप.
• सैडी: ठरावीक काळात सरासरी प्रत्येक ग्राहक एकूण किती मिनिटे विजेविना राहिला, याचे माप.
• कैडी: एकदा खंडित झालेला पुरवठा पूर्ववत होण्यास लागणारा सरासरी वेळ. सैडीला सैफीने भागून तो मिळतो.

एका काल्पनिक वाहिनीवर १,२०० ग्राहक आहेत असे मानू. एका महिन्यात संपूर्ण वाहिनी एकदा ४० मिनिटे बंद पडली. एका फाट्यावरील ३०० ग्राहकांची वीज तार तुटल्याने ५ तास गेली. एक रोहित्र जळाल्याने ६० ग्राहक ३६ तास अंधारात राहिले. खंडित ग्राहकांची बेरीज १,२०० + ३०० + ६० = १,५६० होते, म्हणून सैफी १.३ येतो. ग्राहक-मिनिटांची बेरीज ४८,००० + ९०,००० + १,२९,६०० = २,६७,६०० होते, म्हणून सैडी २२३ मिनिटे आणि कैडी सुमारे १७२ मिनिटे येतो.

या उदाहरणातून सरासरीची मर्यादाही दिसते. अहवालात त्या वाहिनीची नोंद महिन्याला पावणेचार तासांहून कमी खंड अशी होईल. प्रत्यक्षात ६० ग्राहकांनी, पूर्ण वाहिनीचा खंड धरून, ३६ तास ४० मिनिटे विजेविना काढलेली असतील. दूरच्या टोल्यावरील मोजक्या घरांचे दीर्घ हाल सरासरीत विरून जातात. म्हणून ग्रामीण नियोजनात वाहिनीच्या सरासरीबरोबर सर्वाधिक बाधित रोहित्रांची स्वतंत्र नोंद ठेवणे उपयुक्त ठरते.

दुसरी मर्यादा कृषी वाहिन्यांच्या बाबतीत येते. कृषी पंपांना दिवसाचे ठरावीक तासच त्रिफेज वीज मिळते आणि वेळापत्रकानुसार बंद असलेले तास ‘खंड’ म्हणून मोजले जात नाहीत. अनेक राज्यांच्या नियमांत कृषीप्रधान वाहिन्या या गणनेतून वगळल्या जातात किंवा वेगळ्या धरल्या जातात. त्यामुळे कागदोपत्री समाधानकारक निर्देशांक असलेल्या भागातही शेतकऱ्यांची पुरवठ्याविषयीची तक्रार कायम असू शकते.

पुरवठा खंडित होण्याची कारणे

नैसर्गिक कारणे

पूर्व विदर्भात एप्रिल ते जून या काळात वादळी वारे व विजांसह अवकाळी पाऊस येतो. उन्हाळ्यात तारा तापून सैल होतात, झोळ वाढतो आणि वाऱ्याने त्या एकमेकींना किंवा फांद्यांना टेकून ब्रेकर ट्रिप होतो. वीज पडल्याने इन्सुलेटर फुटतात किंवा रोहित्रे निकामी होतात. सुक्या हवेत इन्सुलेटरवर बसलेली धूळ पहिल्या पावसात ओली होऊन गळतीप्रवाह सुरू होतो. पावसाळ्याच्या पहिल्या सरींत वीज वारंवार जाण्याचे हे एक कारण आहे. जंगलातून जाणाऱ्या वाहिन्यांवर बांबू व वेलींची वाढ लवकर होते, म्हणून मान्सूनपूर्व देखभालीत फांद्यांची छाटणी महत्त्वाची असते. रात्रीच्या वेळी घनदाट जंगलात दोष शोधणे धोक्याचे असल्याने तेथील बिघाड बहुधा सकाळपर्यंत लांबतो.

भारजन्य कारणे

५ अश्वशक्तीचा एक पंप साधारणपणे ५.५ ते ६ केव्हीए भार घेतो. त्यामुळे १०० केव्हीएच्या रोहित्रावर असे सुमारे १७ पंपच एका वेळी सुरक्षितपणे चालू शकतात. घरगुती ग्राहकांच्या बाबतीत सर्वांची उपकरणे एकाच क्षणी चालू नसतात, म्हणून जोडलेल्या भारापेक्षा प्रत्यक्ष कमाल मागणी बरीच कमी असते. कृषी पंपांना हा नियम लागू पडत नाही. वीज मर्यादित तास मिळत असल्याने ती येताच सर्वजण पंप सुरू करतात. अनेक ठिकाणी ऑटोस्विच बसवलेले असल्याने वीज परत आल्याच्या क्षणी सर्व मोटारी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. परिणामी फ्यूज उडतो, ब्रेकर ट्रिप होतो किंवा रोहित्र जळते. ऑटोस्विच काढून पंपाला कपॅसिटर बसवण्याचे आवाहन महावितरण वेळोवेळी करते, ते यासाठीच.

आकडे टाकून घेतलेली अनधिकृत वीज हे भारवाढीचे आणखी एक कारण होय. अशा जोडण्यांची नोंद नसल्याने रोहित्रावरील खरा भार नियोजनकर्त्यांना दिसत नाही. वनक्षेत्रात तारेत वीजप्रवाह सोडून शिकार करण्याचे प्रकारही घडतात. त्यांत वन्यप्राण्यांबरोबर माणसांचाही जीव जातो आणि वाहिनी अकस्मात बंद पडते.

सामाजिक परिणाम

वीज खंडित होण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. त्यासाठी वापरले जाणारे बर्फवेष्टित शीतकपाट दिवसाला सुमारे ८ तास वीज मिळाली तरी तापमान टिकवू शकते, पण खंड त्याहून लांबल्यास पर्यायी व्यवस्था करावी लागते. प्रसूती कक्षातील उजेड व उपकरणांना मात्र काही मिनिटांचा खंडही परवडत नाही.

उन्हाळी धानाच्या बाबतीत निसवणीच्या काळात पाण्याचा ताण पडल्यास दाणे पोचट राहतात आणि उत्पादन घटते. रात्रीच्या पाळीत त्रिफेज वीज आल्यास शेतकऱ्यांना अंधारात बांधावर जावे लागते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या व लगतच्या जंगलांच्या परिसरात साप, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या व वाघ यांचा धोका असल्याने दिवसा वीज देण्याची मागणी येथे केवळ सोयीची नसून सुरक्षिततेची आहे. गोंदिया-भंडारा भागात धानासाठी ८ ऐवजी १२ तास वीज मिळावी, ही मागणीही वारंवार पुढे येते.

वीज वाहिन्यांचा वन्यजीवनावरील परिणाम हा जिल्ह्यातील आणखी एक प्रश्न आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यत्वे गोंदिया परिसरात आढळतो. उघड्या तारांना धडकून सारस मृत्युमुखी पडल्याने हा विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही आला. उघड्या तारांऐवजी आच्छादित वा भूमिगत तारा वापरल्यास पक्षी वाचतात आणि वाहिनीही कमी वेळा बंद पडते. मात्र भूमिगत तारेचा प्रारंभिक खर्च उघड्या तारेच्या कित्येक पट असतो आणि दोष शोधण्यास विशेष साधने लागतात.

नियोजन

मागणीचा अंदाज

वीज वितरणाचे नियोजन मागणीच्या अंदाजापासून सुरू होते. राष्ट्रीय व राज्य पातळीवर केंद्रीय विद्युत प्राधिकरण विद्युत शक्ती सर्वेक्षण प्रसिद्ध करते. त्याचा विसावा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु राज्याची सरासरी वाढ एखाद्या गावाला जशीच्या तशी लावता येत नाही. वार्षिक ४ टक्के वाढीने मागणी दुप्पट होण्यास सुमारे १८ वर्षे लागतात, तर ७ टक्के वाढीने सुमारे १० वर्षे. उपकेंद्राच्या रोहित्राचे आयुष्य २५ वर्षांच्या आसपास धरले जाते. म्हणून वाढीच्या दरातील थोडीशी चूकही पुढे मोठी ठरते. अंदाज कमी धरल्यास उपकेंद्र काही वर्षांतच अपुरे पडते, जास्त धरल्यास खर्च वाया जाऊन तो वीजदरात उतरतो.

छोट्या केंद्रांत मागणी सरळ रेषेत न वाढता टप्प्याटप्प्याने वाढते. एखादी भातगिरणी, नळपाणी योजना, उपसा सिंचन योजना किंवा नगरपंचायतीचा दर्जा यांमुळे काही महिन्यांत मोठी भर पडते. त्यामुळे अशा ठिकाणी मागील वर्षांच्या आकड्यांबरोबर ग्रामपंचायत, कृषी विभाग, पाणीपुरवठा विभाग व जलसंपदा विभाग यांच्या नियोजित कामांची माहिती एकत्र करणे आवश्यक असते. भाताखालील क्षेत्र व भूजलपातळी यांचाही विचार करावा लागतो. पातळी खालावली की तेवढेच पाणी उपसण्यास अधिक अश्वशक्तीचा पंप लागतो.

वाहिन्यांचे विलगीकरण

गावठाण व कृषी भार वेगवेगळ्या वाहिन्यांवर नेल्यास गावाला २४ तास वीज देता येते आणि कृषी पुरवठ्याचे वेळापत्रक स्वतंत्रपणे ठरवता येते. शिवाय प्रत्येक वाहिनीवर मीटर असल्याने हानी नेमकी कोठे होते हे कळते. वाड्या-टोल्यांवर किंवा शेतात राहणाऱ्या कुटुंबांची घरे मात्र कृषी वाहिनीवर राहतात. त्यांना कृषी पुरवठा बंद असताना एकफेज वीज देण्याची सोय करावी लागते.

उच्चदाब वितरण प्रणाली

या प्रणालीत ११ केव्हीची वाहिनी थेट शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांसाठी लहान क्षमतेचे स्वतंत्र रोहित्र बसवतात. लघुदाबाच्या लांब तारा उरत नसल्याने दाब सुधारतो, आकडे टाकणे अवघड होते आणि रोहित्र जळाल्यास एक-दोन शेतकऱ्यांपुरताच परिणाम होतो. महाराष्ट्रात २०१८ पासून प्रलंबित कृषी जोडण्यांसाठी तिचा अवलंब झाला. प्रति जोडणी अधिक खर्च ही तिची मुख्य मर्यादा आहे.

विकेंद्रित सौरऊर्जा

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. ३३/११ केव्ही उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज थेट कृषी वाहिन्यांना देणे, हे तिचे सूत्र आहे. वीज जवळच तयार होत असल्याने पारेषण हानी टळते आणि शेतकऱ्यांना दिवसा पुरवठा करता येतो. वनव्याप्त तालुक्यांत उपकेंद्राजवळ योग्य मोकळी जमीन मिळणे, भातशेतीची जमीन न वापरणे आणि पावसाळी ढगाळ दिवसांत पर्यायी पुरवठा राखणे ही यातील आव्हाने आहेत. सौर प्रकल्प आला तरी वाहिनीच्या तारा, खांब व रोहित्रे तीच राहतात. त्यामुळे केवळ सौरीकरणाने स्थानिक बिघाड कमी होत नाहीत. दूरच्या शेतांसाठी जाळ्याला न जोडलेले स्वतंत्र सौर कृषी पंप हा वेगळा पर्याय आहे.

वनक्षेत्रातील मंजुरी

वनजमिनीतून वाहिनी नेण्यासाठी वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० अन्वये मंजुरी लागते आणि त्यात कालावधी जातो. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) मध्ये विद्युत व दूरसंचार वाहिन्यांसह काही गावसुविधांसाठी प्रत्येकी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करण्याची सोय आहे. त्यासाठी हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, अशा अटी आहेत. लहान टोल्यांपर्यंत वीज नेताना ही तरतूद उपयोगी पडते.

कायदेशीर तरतुदी

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार मागणी करणाऱ्यास वीज जोडणी देणे हे वितरण परवानाधारकाचे कर्तव्य आहे. कलम ५७ अन्वये राज्य वीज नियामक आयोग सेवेचे मानक ठरवतो आणि त्यांचा भंग झाल्यास ग्राहकाला भरपाईची तरतूद आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने कृतीची मानके विनियमांद्वारे निश्चित केली असून फ्यूज उडणे, तार तुटणे, रोहित्र निकामी होणे अशा बिघाडांच्या दुरुस्तीसाठी शहरी व ग्रामीण भागांना वेगवेगळी मुदत आहे. ग्रामीण भागाची मुदत अधिक असते. अंतर व मनुष्यबळ ही त्यामागील कारणे असली, तरी वाढून निमशहरी झालेले गाव कोणत्या वर्गात मोडते हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

केंद्र शासनाने ३१ डिसेंबर २०२० रोजी विद्युत (ग्राहकांचे हक्क) नियम अधिसूचित केले. त्यांत ग्राहकांना २४ तास पुरवठ्याचे तत्त्व मान्य केले असून कृषीसारख्या काही वर्गांसाठी आयोगाला कमी तास ठरवण्याची मुभा आहे. २०२४ च्या दुरुस्तीनुसार नवीन जोडणीची कमाल मुदत महानगरांत ३ दिवस, नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस करण्यात आली. डोंगराळ भूप्रदेशातील ग्रामीण भागासाठी ती ३० दिवस आहे.

तक्रारीचे निवारण न झाल्यास ग्राहकाला कलम ४२ अन्वये ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते. राज्यात मुंबई व नागपूर येथे विद्युत लोकपालांची कार्यालये आहेत. भरपाईसाठी बिघाड कधी कळवला याची नोंद महत्त्वाची असते, म्हणून तोंडी सांगण्यापेक्षा तक्रार क्रमांक घेणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.

शासकीय योजना व निधी

ग्रामीण वितरण जाळ्यासाठी केंद्र शासनाने २००५ मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना सुरू केली. ती पुढे दीनदयाळ उपाध्याय ग्राम ज्योती योजनेत समाविष्ट झाली आणि वाहिन्यांचे विलगीकरण हा तिचा प्रमुख घटक झाला. २५ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर झालेल्या सौभाग्य योजनेचा भर उरलेल्या घरांना जोडणी देण्यावर होता. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचा एकूण खर्च ३,०३,७५८ कोटी रुपये असून तांत्रिक व वाणिज्यिक हानी देशभरात १२ ते १५ टक्क्यांवर आणणे हे तिचे एक उद्दिष्ट आहे.

राज्य पातळीवर जिल्हा वार्षिक योजनेतूनही रोहित्रे व वाहिन्यांसाठी निधी मिळतो. २०२० च्या कृषी पंप वीज जोडणी धोरणात वसूल झालेल्या कृषी वीजबिलातील ३३ टक्के रक्कम त्याच ग्रामपंचायत क्षेत्रात आणि ३३ टक्के रक्कम जिल्ह्यात पायाभूत कामांसाठी वापरण्याची तरतूद होती. बिलभरणा आणि स्थानिक सुधारणा यांचा थेट संबंध जोडण्याचा तो प्रयत्न होता. २०२४ मध्ये ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषी पंपांना मोफत विजेची मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू झाल्याने या ग्राहकांच्या चालू बिलाचा भार राज्य शासनाच्या अनुदानावर गेला. त्यामुळे वसुलीतून स्थानिक निधी उभा करण्याच्या सूत्राचा आधार बदलला.

३,००० पर्यंत लोकसंख्येच्या ग्रामपंचायतींसाठी ग्राम विद्युत व्यवस्थापक नेमण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१६ मध्ये घेतला. किरकोळ बिघाडासाठी दूरच्या वायरमनची वाट पाहावी लागू नये, हा त्यामागील हेतू होता. मात्र त्याहून मोठी, केंद्रस्थानी असलेली गावे या लोकसंख्या मर्यादेबाहेर राहतात आणि नगरपंचायतीच्या वर्गातही येत नाहीत.

मतभेद व चर्चा

ग्रामीण वीजपुरवठ्यातील गुंतवणुकीबाबत दोन भूमिका आढळतात. पहिल्या भूमिकेनुसार विरळ वस्तीच्या भागात प्रति ग्राहक खर्च अधिक आणि महसूल कमी असल्याने हानी व वसुली यांनुसार प्राधान्यक्रम ठरवणे वितरण कंपनीच्या आर्थिक आरोग्यासाठी आवश्यक आहे. दुसऱ्या भूमिकेनुसार हानीनुसार पुरवठा ठरवल्यास वेळेवर बिल भरणाऱ्या ग्राहकालाही शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा मिळते. शिवाय लांब वाहिन्यांमुळे होणारी तांत्रिक हानी ग्राहकाच्या वर्तनातून नव्हे, तर जाळ्याच्या आखणीतून आलेली असते. पुरवठा खराब म्हणून बिल भरले जात नाही आणि बिल भरले जात नाही म्हणून गुंतवणूक होत नाही, हे चक्र कोठून तोडावे, हा या चर्चेचा गाभा आहे.

वीज प्रकल्पांच्या परिसरातील गावांना अखंड वीज मिळावी, ही मागणी विदर्भात वारंवार केली जाते. तांत्रिकदृष्ट्या प्रकल्पाची वीज अति उच्च दाबाच्या जाळ्यात जाते आणि शेजारच्या गावाला ती थेट देता येत नाही. मात्र प्रकल्पांमुळे होणारे प्रदूषण, पाणीवापर व भूसंपादन स्थानिकांच्या वाट्याला येत असल्याने परिसरातील वितरण जाळे सक्षम करण्यासाठी प्राधान्याने निधी द्यावा, असा युक्तिवाद त्या मागणीमागे असतो.

हे सुद्धा पहा

• महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी
• महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग
• विद्युत अधिनियम, २००३
• भारनियमन
• रोहित्र
• इटियाडोह धरण
• अर्जुनी मोरगाव तालुका
• गोंदिया जिल्हा